पुरी मात्रा

थोरलीने अर्धी उरलेली बाटली आणि पांढरे पडलेले द्राक्षांचे घड प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवले.

"औषधात पाणी आहे, एवढं लिहून द्या. बाकी काही नको."

औषध विकणारा परका नव्हता, सख्खा धाकटा दीर होता. तीनदा फवारूनही भुरीची पांढरी बुरशी हटली नाही, बघता बघता सगळी बाग पिठात लोळवल्यासारखी झाली. तेव्हा तिने त्याच्या दुकानासमोर उभं राहून चारचौघांत त्याचे वाभाडे काढले होते. त्या दिवसापासून दुकानाची पायरी कोणी चढेना. धाकट्याने उलट एक शब्दही काढला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली.

पंधरा दिवसांनी तपासनीस बाईंनी तिला बोलावलं.

"औषध अस्सल आहे. तुमच्या बागेतली बुरशीच त्याला दाद देत नाही."

"असं कसं? पाच वर्षं तर हेच मारतोय!"

"तेच तर. एकच औषध सारखं मारलं, त्यातही मात्रा कमी पडली, की लेचीपेची बुरशी मरते, चिवट तेवढी उरते. मग तिचीच पिलावळ वाढते. फवारताना औषध कोण मोजतं?"

"आमचे हे."

घरी नवरा ओट्यावर बसून पंपाचं नोझल पिनेने साफ करत होता. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"किती टाकत होतात?"

"बाटलीवर लिहिलंय तेवढं. टोपणाने मोजून."

"खोटं बोलू नका. साबणाचा झिजलेला तुकडासुद्धा नव्या वडीला चिकटवणारा माणूस तुम्ही!"

त्याने नोझल खाली ठेवलं. "वेल न् वेल हाताने चढवलाय मी. त्यांच्या तोंडचं काढून घेईन?"

तिने ऐकून घेतलं नाही. दोन दिवस दोघं मिळून घड तोडत होते आणि खड्ड्यात टाकत होते. एकमेकांकडे न बघता. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने जेवताना ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "झाली असेल माझीच चूक." तेवढं ऐकायलाच ती थांबली होती. ऐकल्यावर मात्र तिनेही ताट बाजूला सारलं.

तशीच उठून ती दुकानात गेली. धाकटा एकटाच फडताळावरच्या बाटल्या पुसत होता.

"भाऊजी, चुकले मी. माझ्या जिभेला हाड नाही." तिने अहवाल पुढे केला. "उद्या हा कागद मी स्वतः तुमच्या दारावर चिकटवते. सगळ्यांना वाचू दे. दोष आमच्या ह्यांचा. कबूलही केलंय त्यांनी."

धाकट्याने कागद वाचला. पुन्हा वाचला.

"दादाने कबूल केलं?"

"हो. मात्रा कमी टाकत होते म्हणे."

"दादा एक थेंब चुकायचा नाही, वहिनी." त्याने कागदाची घडी केली आणि तिच्या हातात परत ठेवली. "चार वर्षं निम्मं पाणी मीच घालत होतो. मनाला टोचायला लागलं, म्हणून अस्सल औषध यंदा पहिल्यांदाच दिलं."