तळ दिसेपर्यंत

“पुन्हा गढूळ,” तलावाच्या काठाशी उकिडवे बसत साहेब म्हणाले. “काल संध्याकाळी लख्ख होतं. कुणाची दृष्ट लागते कोण जाणे.”

“समोरच्या बांधकामाची धूळ असेल,” बाई म्हणाल्या आणि हात पाठीमागे पुसले.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गल्लीभर त्या बाईच होत्या. आणि धूळ कसली? भल्या पहाटे खलबत्त्यात खडू कुटायचे आणि ती पूड बागेतल्या पोहण्याच्या तलावात कालवायची, हा त्यांचाच उद्योग.

त्याला कारण होतं. मुलगा आजारात गेला तेव्हापासून साहेब खुर्चीला खिळले होते. बाईंनाही भिंतीकडे तोंड करून पडून राहावंसं वाटे. पण डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “साहेबांना कशात तरी गुंतवा, बाई. नाहीतर माणूस हातचा जाईल.” घरात दोघांनीही अंथरूण धरून कसं चालेल? आणि इंजिनिअरला बिघाडासारखं दुसरं टॉनिक नाही, हे बाईंना संसारभर ठाऊक होतं.

मात्रा लागू पडली. साहेब उठले, आणि रोज उठू लागले. आजही त्यांनी फिल्टर धुतला, तुरटीचं पाणी सगळीकडे शिंपडलं आणि पंप बंद केला.

“आता कुणी बोट बुडवायचं नाही. गाळ आपला आपण खाली बसेल.”

“मी कशाला बुडवू?” बाई म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं.

दुपारी साहेबांनी तळाचा गाळ नळीने ओढून घेतला आणि हाक मारली. “अगं, ये इकडे. बघ तरी.”

बाई रोज लांबूनच बघत. आज जवळ गेल्या. पाणी जणू नव्हतंच. खोलवरची एकेक निळी फरशी हाताने उचलून घ्यावी इतकी स्पष्ट दिसत होती. तिच्यावरून उजेडाच्या रेघा सावकाश सरकत होत्या. आपण सकाळी इतकं पांढरं करून ठेवलेलं पाणी पुन्हा असं होऊ शकतं, याचं त्यांना नवल वाटलं. देवासमोर जोडावेत तसे हात जोडले गेले.

“त्याला तळाच्या फरश्या मोजायचा नाद होता,” त्या म्हणाल्या. “श्वास संपला की वर यायचा आणि आकडा विसरायचा.”

मुलाचं नाव निघाल्यावर त्या हसल्या, असं पहिल्यांदाच झालं. साहेब पाण्याकडेच बघत राहिले.

नवरा वाचला, एवढं मिळालं, असं म्हणत बाई चहा टाकायला गेल्या. कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा साहेब पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

“हो डॉक्टर, तुमचीच युक्ती. मला खुर्चीत पडून राहायचं नाटक करावं लागलं, पण ती भिंतीकडून वळली. आता रोज माझ्याआधी उठते, खडू कुटायला.”