बोटीवरचे टायर

टायर फुटला तो एवढ्या जोरात, की वरळीचे कावळे उडाले ते थेट दादरला जाऊन बसले. बीडीडी चाळीतल्या एका म्हाताऱ्याने तर पुन्हा दंगल झाली समजून खिडकीच लावून घेतली.

जीपच्या मागे जोडलेली धर्माची पाळणागाडी एका अंगावर कलली. चार पाळणे, वर लोखंडी चक्र, सगळं त्याने स्वतः जोडलेलं. समोर प्रभादेवीच्या जत्रेचे भोंगे ऐकू येतायत, आणि गाडी म्हशीसारखी रस्त्यात बसलेली.

धर्माच्या बायकोने, तुळसाने, जीपमधून उडी टाकली. दुपारपर्यंत नाही पोचलात तर तुमची जागा दुसऱ्या पाळणेवाल्याला देणार, असं त्यांना बजावलेलं होतं. संप होऊन दोन वर्षं झाली, गिरणीचं दार काही उघडलं नाही. नवऱ्याने त्यानंतर हातात धरलेलं हे पहिलं काम.

"लॉरेन्स!" धर्मा ओरडला. "हेच काय रे तुझं फॉरेन? बोटीवरचा माल म्हणालास. स्वस्तातला असला तरी नातवंडं चालवतील म्हणालास! एक जत्रा नाही बघितली याने!"

जीप लॉरेन्सची. टायरही त्यानेच गोदीतून आणून दिलेले. तो खाली बसला. फुटलेल्या रबरावर अंगठा दाबला, तर खरवसात जावा तसा आत गेला. त्याने बोटं नाकाशी नेली.

तुळसाला वास उभ्या जागी आला. गिरणीतल्या मागांचं, साच्यांचं तेल.

गिरणीत धर्मा तेलवाला होता. खात्यातल्या सगळ्या साच्यांना तेल त्याच्याच हातचं. गाडी झाल्यापासून रोज सकाळी तो तेलाची बुदली घेऊन खाली उतरायचा. आधी आस, मग साखळी, आणि शेवटी चिंधी बुडवून दोन्ही टायर. बाळंतिणीचं पोर चोळावं तसे चोळायचा. असे चकाकायचे, की बायका त्यात बघून कुंकू लावतील! तेवढा वेळ तो शीळ घालायचा. दिवसभरात तेवढाच वेळ.

लॉरेन्सने वर बघितलं. आधी धर्माकडे, मग तुळसाकडे. मग बोटं विजारीला पुसली.

"माल हलका निघाला, धर्मा," तो म्हणाला. "मला गंडवलं त्यांनी. दुसराही त्यातलाच असणार. दोन्ही बदलून देतो."

"आता बदलून काय जाळायचेत? तू परत माझ्या दारात पाय ठेवू नकोस!"

टायर या तेलानेच सडला, हे सांगायला तुळसाने तोंड उघडलं. तिची नजर धर्माच्या हातांवर गेली. नखांच्या कडांत तेल बसलेलं, काळं, धुऊन न जाणारं. हे आत्ता सांगितलं तर उद्या सकाळी उठून हा माणूस ते हात कुठे ठेवील?

तिने तोंड मिटलं.

लॉरेन्स जॅक घेऊन गाडीखाली सरकला. पलीकडे जत्रेत कुणाचा तरी पाळणा फिरायला लागला. पोरांचा एकच कल्ला उठला. धर्माने तिकडे पाठ केली.

"लॉरेन्सभावजी," तुळसा मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "रविवारी बांगडे करतेय. रोझवहिनीला घेऊन जेवायला या."

धर्मा गर्रकन वळला. "मी आत्ता काय बोललो? ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की. पण दार मी उघडते."

गाडीखाली जॅकचा आवाज थांबला. मग हळूहळू परत सुरू झाला.