सोमवारचा फोन

निवृत्तीनंतर विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये उदयसिंह एकटेच राहत. फोन यायचा तो फक्त सोमवारी, जुन्या ऑफिसातल्या त्यांच्या ज्युनियरचा, कादंबरीचा.

"सर, सर्व्हर रीस्टार्ट केला, पण डेटाबेसचा वेब लिसनर काही सुरू होत नाहीये."

मग ते लिनक्सच्या कमांड सांगत, ती टाईप करी आणि मधेच त्यांच्या गुडघ्याची चौकशीही करी. खरं तर स्टार्टअपच्या फाईलमध्ये एक ओळ घातली असती, तर लिसनर, म्हणजे डेटाबेसला बाहेरून जोडून देणारा प्रोग्राम, दर रीस्टार्टनंतर आपोआप सुरू झाला असता. ती ओळ त्यांनी मुद्दामच सांगितली नव्हती.

या सोमवारी मात्र त्यांना राहवेना. त्यांनी ती सांगून टाकली. वर म्हणाले, "आता तुला फोन करायला नको."

कादंबरी हसून म्हणाली,

"ती ओळ मी तुम्ही रिटायर झालात त्याच आठवड्यात टाकलीय, सर. बोला, गुडघा काय म्हणतोय?"