मुक्या बटणांचा कीबोर्ड

विभावरीचं मनगट पोळ्या लाटतानाही ठणकायचं, म्हणून जर्मनीत, रेगेन्सबर्गमधल्या तिच्या कंपनीच्या डॉक्टरांनी दोन तुकड्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड लिहून दिला. ऑफिसात समोरच्या टेबलावर बसणाऱ्या क्राउझ यांचं म्हणणं, बाईंच्या टायपिंगच्या खडखडाटाने डोकं उठतं. साहेबांनी निवाडा दिला: नव्याचाही आवाज आला, तर तो परत. दुकानात विभावरीने एकेक कीबोर्ड कानाशी धरून सगळ्यांत मुक्या बटणांचा निवडला. “अगं, खटखट नसेल तर काम करतेयस हे कळणार कसं?” नवरा म्हणाला. “कामावरून,” ती म्हणाली. सोमवारी ती टाइप करत असतानाच साहेब आले. खोलीभर खडखडाट! साहेब तिच्या कीबोर्डवर वाकले, कान लावला आणि मागे वळले. क्राउझ मान मोडून बटणं बडवत होते. “काय हो, एवढं काय लिहिताय?” साहेबांनी विचारलं. खडखडाट थांबला. “तक्रार,” क्राउझ पुटपुटले. “बाईंच्या आवाजाची.” खोली शांत झाली. विभावरीची बोटं भराभर चालूच होती.