सव्वा सेकंद

चेतना माणसांच्या आवाजावर संशोधन करायची. नाहूरच्या एका सोसायटीतल्या बारा जणांकडून तिने एकच वाक्य वाचून घेतलं होतं: "आज दुपारी पाणी येणार नाही."

पवईच्या लॅबमध्ये रेकॉर्डिंग ऐकताना ती चक्रावली. शाळकरी पोरीपासून सत्तरीच्या शकुमावशींपर्यंत सगळेच 'आज' म्हणून थांबले होते, प्रत्येक जण बरोबर सव्वा सेकंद. समोर बसून ऐकताना तिला हे जाणवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने शकुमावशींची बेल वाजवली.

"मावशी, 'आज' म्हटल्यावर तुम्ही थांबलात का?"

"मी कुठे थांबले गं? ती मधेच बोलायला लागली ना. म्हटलं, होऊ दे तिचं."

"ती कोण?"

मावशींनी नवलाने पाहिलं. "तुझ्याबरोबरच आली होती की!"

चेतना तडक लॅबमध्ये परतली.

"हर्षद, मी वाचते, तू वेळ मोज," असं सहकाऱ्याला सांगून तिने माईक पुढे ओढला.

"आज..."

पुढचा शब्द जिभेवर होता. पण कानाशी कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला, आणि त्या बाईला मधेच तोडणं चेतनाला उद्धटपणाचं वाटलं.