प्रांजलच्या सुईची तळी

प्रांजल बोरीला घरी पोचली, तेव्हा अंगणात तामण मांडून झालं होतं. नारळ, खोबरं, विड्याची पानं आणि पिवळाधमक भंडारा. खंडोबाची तळी उचलून नवस फेडायची तयारी होती ती.

फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आबा, जमलं!" पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं आणि तिच्या सोबत्यांनी केसाहून बारीक सुई बनवली होती. काचेच्या बशीत जिवंत ठेवलेल्या मेंदूच्या पेशीतून डोपामिन नावाचं रसायन सुटलं, की ती सुई ते मोजायची. हेच रसायन कमी पडलं म्हणून तिच्या आजोबांचे, सोमाजींचे हात थरथरत. मेंढरं कातरणारे ते हात आता चहाचा कप धरायलाही बिचकत.

"पोरीला औषध घावलं," ही बातमी सरुआजीनं तोवर पार बेल्ह्याच्या बाजारात पोचवली होती.

प्रांजल आबांजवळ बसली. आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता.

"आबा, ती सुई नुसतं मोजती. औषध नाय सापडलं. लई लांब हाय ते अजून."

खोबऱ्यात भंडारा मिसळता मिसळता सरुआजी थांबली. "मंग तळी कशापायी उचलायची?"

सोमाजी हसले. "म्या नवस पोरीच्या सुईचा बोललो व्हतो. माज्या हाताचा कोन बोललं? माज्यापायी पोर एवढ्या बारक्यात शिरली. खंडोबानं आनखी काय द्यायचं?"

ज्याचा हिरमोड होईल या भीतीनं प्रांजल सगळा रस्ता आली होती, त्या माणसानं तिला किती सहज सोडवलं होतं!

तळीला पाच हात हवेत. आजी, भाऊ ऋतिक, शेजारचे जानकूभाऊ आणि प्रांजल तामणाभोवती बसले. सोमाजी सवयीनं मागे सरकले.

"माज्या जागी दुसरं कुनी बोलवा. सांडंल माज्यानं."

"सांडू द्या," प्रांजल म्हणाली. "भंडाराच हाय तो." तिनं त्यांचा हात ओढून तामणाखाली आपल्या हाताला लावून ठेवला.

"येळकोट येळकोट!"

तामण वर गेलं. नारळ डुगडुगला, भंडारा सगळ्यांच्या अंगावर सांडला. त्या पाच हातांतला नेमका कुठला थरथरतोय, हे कुणालाच सांगता आलं नसतं. प्रांजललासुद्धा.