विहीणबाईंचा टोमणा

सांगलीच्या कुमुदबाई मिरजेला विहिणीकडे आल्या आणि चहाचा घोट घेऊन काहीतरी बोलल्या. प्रमिलाबाईंना ऐकू आलं, "वा, किती छान चहा!" त्यांचा जीव कासावीस झाला.

दोन्ही शहरांचं एकच महानगर झाल्यापासून प्रत्येकाच्या कानात सलोख्याची कुडी होती. शेजारच्या गावाला हिणवणारं बोलणं कानी आलं, की ती त्याच आवाजात गोड वाक्य ऐकवायची. भांडणं मिटली, आणि कुडी काढायची कुणाला आठवणही राहिली नाही. पण कुडी येण्याआधी, मुलांच्या लग्नात याच कुमुदबाईंनी भर पंगतीत मिरजेच्या आमटीला नावं ठेवली होती, आणि प्रमिलाबाईंनी तिथल्या तिथे सुनावलं होतं, "गाडी पकडायला शेवटी आमच्याच दारात येता ना!" तेव्हापासून दोघींची गट्टी.

उद्या कुमुदबाई लेकाकडे कायमच्या अमेरिकेला निघाल्या होत्या. प्रमिलाबाईंनी हळूच आपली कुडी काढली.

"काय म्हणालात विहीणबाई?"

"म्हटलं, मिरजेत अजून भांडी विसळलेल्या पाण्यालाच चहा म्हणतात!"

प्रमिलाबाईंचे डोळे भरून आले. "सांगलीकरांना तेही जास्तच झालं!"

कुमुदबाईंचा चेहरा पडला. "जाताना तरी असं परक्यासारखं गोड बोलू नका हो."

प्रमिलाबाईंनी उठून त्यांच्याही कानातली कुडी काढली आणि तेच वाक्य पुन्हा ठसक्यात ऐकवलं.

मग जी जुंपली, ती ऐकून शेजारीण खिडकीशी आली. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गावाचं किती कौतुक करताहेत, असं म्हणत माघारी गेली.